तिसऱ्या सकाळचं उत्तर

“दार लोटून घे आणि बस,” बाई म्हणाल्या.

मी दार लोटलं. बाईंच्या खोलीत खुर्ची एकच, आणि तिच्यावर धुतलेल्या चादरींची चळत. म्हणून मी पलंगाच्या कडेला टेकले. बाई खिडकीशी उभ्या होत्या. हातातलं पाकीट उगाच उलटंसुलटं करत होत्या. चाळीस मुलींना एका नजरेत गप्प करणारी ही बाई, पण आज माझ्याकडे बघायचं टाळत होती.

“त्रिभुवनांनी लग्नाचं विचारलंय,” त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, मला कळलं नसेल असं वाटून की काय, म्हणाल्या, “मला.”

ही १९८० सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. प्रवरेकाठच्या एका तालुक्याच्या गावी डी.एड.च्या पहिल्या वर्षाला शिकत होते आणि कॉलेजच्या आवारातल्या ख्रिस्ती मुलींच्या वसतिगृहात राहत होते. सलोमी घाटविसावे आमच्या मेट्रन. आम्ही त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणायचो. वय एकेचाळीस. भावंडांची शिक्षणं, मग आईचं अंथरूण, यात त्यांचं लग्न राहूनच गेलं होतं. यशवंत त्रिभुवन शेजारच्या तालुक्यात मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी ते डॉक्टरीणबाईंबरोबर आमची तपासणी करायला यायचे. उंच, कमी बोलणारे गृहस्थ. चार वर्षांपूर्वी त्यांची बायको वारली होती आणि मागे निर्मला नावाची नऊ वर्षांची मुलगी होती.

“मे महिन्यात लग्न करू म्हणतात. शनिवारी येतील तेव्हा उत्तर द्यायचंय,” बाई म्हणाल्या. “आज बुधवार. मधे तीन सकाळी आहेत. रिबका, तू माझ्यासाठी ऐक.”

“मी?”

“तूच. तुला कान आहे.”

याचा अर्थ सांगायला हवा. आमच्या वसतिगृहात रोज पहाटे साडेपाचला शांतसमय असे. वऱ्हांड्यात चटया टाकून आम्ही ओळीने बसायचो. बाई शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, एक भाग वाचायच्या आणि मग पंधरा मिनिटं कुणी बोलायचं नाही, हलायचंही नाही. देव काय सांगतो ते ऐकायचं. घंटा झाली की जे ऐकू आलं ते वहीत लिहायचं. शनिवारी त्यातलं थोडं मोठ्याने वाचायचं.

मला काही ऐकू यायचं नाही. पहिला महिनाभर माझी वही कोरी होती आणि त्याची मला फार लाज वाटायची. मग एक दिवस मी मनाचंच लिहिलं. ज्या मुलीशी भांडले होते तिची माफी माग, असं देव म्हणाला, असं काहीतरी. शनिवारी ते वाचलं तेव्हा बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. “रिबकाला कान आहे,” त्या म्हणाल्या. तेव्हापासून मी लिहीतच गेले. मला लिहिता यायचं. वाक्यं कुठे आखूड ठेवायची, कुठे सोडून द्यायची, ते आपसूक जमायचं. मुली स्वतःच्या अडचणी घेऊन माझ्याकडे यायला लागल्या आणि मी त्यांच्यासाठीही ‘ऐकू’ लागले. हे पाप आहे असं वाटत नव्हतं असं नाही. पण वाटायचं ते रात्री अंथरुणात पडल्यावर. सकाळी बाईंनी कौतुकाने पाठीवर हात ठेवला की विसरून जायचे.

“बाई, तुम्हीच ऐका ना,” मी म्हणाले. “तुमचं आहे ते.”

बाईंनी चादरींची चळत उचलून पलंगावर ठेवली आणि खुर्चीत बसल्या. मग जे म्हणाल्या ते त्यांनी आधी कुणालाच सांगितलं नसावं.

“मला ऐकू येत नाही गं. अठरा वर्षं मी मुलींना शांत बसवते आणि स्वतः डोळे मिटून डाळ भिजत घातली की नाही ते आठवत बसते. कधी शिंक येते, कधी रडू येतं. तो मात्र कधी आला नाही. मी त्याला दोष देत नाही. सगळ्यांना सगळं मिळत नाही. पण या वेळी मला चुकायचं नाहीये.”

“तुम्हाला स्वतःला काय वाटतं?”

त्या लाजल्या. एकेचाळीस वर्षांच्या, पांढऱ्या सुती पातळातल्या बाई मानेपर्यंत लाल झाल्या. “मला काय वाटतं ते मला माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “म्हणूनच तर भीती वाटते. आपल्याला हवं तेच आपण देवाच्या तोंडी घालू, अशी.”

मी खोलीतून बाहेर पडले आणि दार मागे लोटून घेतलं.

माझी आई मी सात वर्षांची असताना गेली. वडील नेवाशाला असायचे. त्यांचं दुसरं लग्न झालं होतं आणि त्या घरात मी पाहुण्यासारखी वावरायचे. सुट्टीत सगळ्या मुली घरी जायच्या आणि मी वसतिगृहात बाईंपाशी राहायचे. त्या माझ्या केसांना तेल लावायच्या, नाताळच्या करंज्यांचं सारण मला चाखायला द्यायच्या. “पास झालीस की इथल्याच सरावशाळेत लागशील,” असं त्यांनी मला दिवाळीत सांगितलं होतं. “माझी खोली दोघींना पुरते.” हे वाक्य मी रोज मनात घोळवायचे. कुणाला खुळेपणा वाटेल, पण बाई माझ्या होत्या. आता एक उंच माणूस येऊन त्यांना मे महिन्यात घेऊन जाणार होता, आणि त्याच्या घरी केसांना तेल लावून घ्यायला एक मुलगी आधीच होती.

गुरुवारी सकाळी मी बसले. काही ऐकू आलं नाही. ऐकायचा प्रयत्नही केला नाही. शुक्रवारी तसंच. बाई दोन्ही दिवस घंटा झाल्यावर माझ्याकडे बघायच्या आणि मी मान हलवायचे. त्या दोन दिवसांत त्यांनी एकदाही विषय काढला नाही. शुक्रवारी संध्याकाळी मात्र मी त्यांना आरशासमोर उभं राहिलेलं पाहिलं. केस वेगळ्या तऱ्हेने बांधून पाहत होत्या. माझी चाहूल लागताच त्यांनी ते सोडून टाकले.

शनिवारी, तिसऱ्या सकाळी मी पुन्हा बसले. त्या पंधरा मिनिटांबद्दल मी नंतर सांगणार आहे. इथे एवढंच सांगते की घंटा झाल्यावर मी वही उघडली आणि त्यात एक शब्द लिहिला.

बाई स्वयंपाकघरात होत्या. मी वही त्यांच्यापुढे धरली. पदराला हात पुसून त्यांनी ती घेतली आणि दाराच्या उजेडात नेऊन वाचली.

“थांब,” त्या म्हणाल्या.

“हो, बाई.”

“म्हणजे आत्ता थांब, की कायमचं थांब?”

एवढा विचार मी केला नव्हता. “एवढंच आलं, बाई.”

त्या रडतील असं मला वाटलं होतं. पण त्यांचा चेहरा वेगळाच झाला. दुःख होतंच, पण त्याच्या आत काहीतरी उजळलं होतं. “बोलला तर खरा,” त्या हळूच म्हणाल्या. “माझ्यासाठी बोलला.” आणि त्यांनी माझं डोकं छातीशी धरलं. त्यांच्या पातळाला फोडणीचा वास येत होता. मी डोळे मिटून घेतले.

अकराच्या सुमारास दवाखान्याची जीप आली. त्या दिवशी त्रिभुवन निर्मलेला घेऊन आले होते. तिच्या अंगात खळ घातलेला पिवळा फ्रॉक होता आणि ती बसताना तो चुरगळू नये म्हणून खुर्चीच्या अगदी टोकाला बसली होती. तपासणी आटोपल्यावर बाईंनी दोघांना वऱ्हांड्यात बसवलं आणि मला चहा आणायला सांगितलं. मी कपबशा घेऊन गेले तेव्हा त्यांचं बोलणं झालेलं होतं. ते चेहऱ्यांवरून कळत होतं.

“देवाने नको म्हटलंय?” त्रिभुवन विचारत होते.

“थांब म्हटलंय.”

“किती दिवस?”

“ते नाही सांगितलं.”

 मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तूच ना रिबका पारखे? तुला ऐकू आलं?”

“हो.”

“मुली, मी तुझ्यावर संशय घेत नाही. पण माझं आणि या लेकराचं आयुष्य आहे, म्हणून एकदा विचारतो. जे ऐकलंस तेच सांगितलंस ना?”

निर्मला बशीतला चहा फुंकत होती. बाई माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत शंकेचा लवलेश नव्हता.

“हो,” मी म्हणाले. “तेच सांगितलं.”

“मग माझं काही म्हणणं नाही,” ते म्हणाले. “त्याच्यापुढे आपण काय बोलणार.” त्यांनी चहा संपवला, कप नीट बशीत ठेवला.

निघताना निर्मलेने बाईंना विचारलं, “म्हणजे मेमध्ये तुम्ही येणार नाही?”

“नाही, बाळा.”

“बाबांनी तुमच्या पिशवीसाठी खुंटी मारलीय. दाराजवळ. मी जागा दाखवली.”

बाईंनी तिच्या फ्रॉकची कॉलर सरळ केली.  जीप फाटकातून बाहेर पडेपर्यंत त्या हात वर करून उभ्या होत्या, आणि मी कपबशा विसळायला आत गेले.

ज्याच्यासाठी हे केलं ते मला मिळालं. बाई माझ्याजवळ राहिल्या, आधीपेक्षा जास्तच माया करू लागल्या. पण मला ती घेववेना. त्यांनी केसांना तेल लावलं की मान अवघडायची. शांतसमयात मी पुढे काही लिहिलं नाही. देव गप्प आहे, असं मुलींना सांगितलं. पुढच्या वर्षी पास झाले तेव्हा बाईंनी सरावशाळेत माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. मी जिल्हा परिषदेची नोकरी घेतली आणि वैजापूरकडच्या एका खेड्यात निघून गेले. वर्षभरात मला स्थळ आलं. मी आठ दिवसांत होकार दिला, कुणालाही माझ्यासाठी ऐकायला सांगितलं नाही. लग्नात आईच्या जागी बाई उभ्या होत्या. मला जवळ घेऊन म्हणाल्या, “ऐकत राहा. ते सोडू नकोस.”

त्यांची खोली मग एकटीलाच पुरली.

मधली वर्षं सांगण्यासारखी नाहीत. नोकरी, दोन मुलं, बदल्या. नाताळला बाईंचं पत्र यायचं, मी उत्तर लिहायचे. प्रत्येक वेळी खरं लिहायचं ठरवायचे आणि हवापाण्याचं लिहून पत्र बंद करायचे. त्रिभुवनांनी पुन्हा लग्न केलं नाही, हे मला एका जुन्या मैत्रिणीकडून कळलं. २००४ साली ते गेले, हेही तिनेच कळवलं.

२०१९ च्या मे महिन्यात मी निवृत्त झाले. जूनमध्ये आमच्या चर्चच्या मंडळीतल्या स्त्रियांची सभा होती. मी शिक्षिका, बोलायची सवय, म्हणून पाळकसाहेबांनी मला विषय दिला: रोजच्या जीवनात देवाची वाणी कशी ऐकावी. मी टिपणं काढून नेली होती. उभी राहिले, समोर साठेक बायका विश्वासाने माझ्याकडे बघत होत्या. पहिलं वाक्य बोलले आणि पुढे बोलूच शकले नाही. मला भोवळ आली असं समजून त्यांनी मला पाणी दिलं, वारा घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नगरची एसटी पकडली.

बाई तेव्हा ऐंशी वर्षांच्या होत्या. नगरच्या बाहेर निराधार स्त्रियांसाठी एका संस्थेने चालवलेलं घर होतं, तिथे राहायच्या. मी गेले तेव्हा त्या आणि आणखी एक म्हातारी ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. मी सलाम केला, नाव सांगितलं. बाईंनी माझे दोन्ही हात धरले आणि शेजारच्या म्हातारीला म्हणाल्या, “काशीबाई, तुम्हाला सांगते ना मी, ती हीच. माझ्यासाठी देव बोलला तो हिच्याकडे.”

काशीबाईंनी माझ्याकडे आदराने पाहिलं. बाई सांगतच होत्या. “लोक विचारतात, एकटीने कसं काढलंस आयुष्य? मी म्हणते, मला सांगणारा होता. एकदाच बोलला, पण माझ्याविषयी बोलला. ते पुरलं.”

काशीबाई औषध घ्यायला आत गेल्या तेवढ्यात मी म्हणाले, “बाई, तो शब्द माझा होता. थांब. तो देवाने सांगितलेला नव्हता. तुम्ही जाऊ नये म्हणून मी लिहिला.”

त्यांचा हात मेथीच्या जुडीवर थांबला.  आवारात कुणीतरी हापसा हापसत होतं. तो आवाज बंद झाला.

“मी पूर्वीपासून मनाचंच लिहायचे,” मी म्हणाले. “पहिला महिना संपल्यापासून.”

“मग त्या दिवशी काहीच ऐकू आलं नव्हतं?”

इथे नाही म्हणणं सोपं होतं. मी तिथवर येताना बसमध्ये तेच ठरवलं होतं. तेवढी कबुली मला झेपण्यासारखी होती. पण बाई थेट माझ्याकडे बघत होत्या.

“आलं होतं,” मी म्हणाले. “त्या एकाच दिवशी. आयुष्यात एकदाच.”

“काय?”

“मी बसले होते. तुम्हाला कसं अडवायचं, कुठला शब्द लिहायचा, तेच शोधत होते. बाहेर कुणीतरी अंगण झाडत होतं. आणि माझ्या आत, मी विचार करत नसताना, कुणीतरी म्हणालं, तिला जाऊ दे. मी घाबरले. डोळे उघडून बघितलं, सगळ्या मुली गप्प बसलेल्या. पुन्हा डोळे मिटले. पुन्हा तेच. तिला जाऊ दे. ते माझं नव्हतं, बाई. मला ते नको होतं, त्यावरूनच कळलं. मग घंटा झाली आणि मी थांब लिहिलं.”

“तिला जाऊ दे,” बाई म्हणाल्या. प्रत्येक शब्द त्या चाचपून बघत होत्या. “तिला म्हणाला? म्हणजे मी विचारलं होतं ते त्याला पोचलं होतं.”

“हो.”

“आवाज कसा होता? रागाचा?”

“नाही. रागाचा नव्हता.”

त्यांचे डोळे भरून आले आणि मला क्षणभर वाटलं, त्या मला जवळ घेतील. त्यांनी पदराने डोळे पुसले. मग आवाज बदलला.

“त्रिभुवन दर नाताळला कार्ड पाठवायचे. चोवीस वर्षं. मी एकाचंही उत्तर दिलं नाही. देवाने थांब म्हटलंय, आणि आपण पत्रं लिहीत बसलो तर मन ढळेल, म्हणून. शेवटच्या कार्डावर अक्षर हललेलं होतं. तेव्हाही नाही लिहिलं.” त्यांनी मेथीची जुडी बाजूला सरकवली. “एकोणचाळीस वर्षं झाली, रिबका.”

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला.

“ते राहू दे आत्ता. निर्मला कुठे असते?”

“जालन्याला. नर्स आहे, एवढं ठाऊक आहे.”

“तिला हे सांगायला हवं. मी तिला फार आवडत होते. मग मी तिच्या बापाला साधं पत्रसुद्धा कधी लिहिलं नाही, याचा तिने काय अर्थ लावला असेल? तू सांगायचंस तिला. सगळं. मी नाही सांगणार.” आणि त्यांनी मेथीची जुडी पुन्हा ओढून घेतली. “आता जा.”

निर्मलेचा पत्ता काढायला मला दहा दिवस लागले. जालन्यात दवाखान्यामागच्या एका दोन खोल्यांच्या घरात ती राहत होती. बापासारखीच उंच, केस पिकायला लागलेले. ड्यूटी संपवून नुकतीच आली होती. तिने मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. मी सुरुवातीपासून सांगितलं, तिच्या बापाला मी काय उत्तर दिलं तेही. मधे तिने एकही प्रश्न विचारला नाही. 

“बाबा म्हणायचे, त्या बाईंच्या मनात आपल्याविषयी वाईट काही नाही,” ती म्हणाली. “मी म्हणायचे, असेल, म्हणून तर आल्या नाहीत. पंधरा वर्षांची होते तेव्हा यावरून आमचं फार भांडण झालं होतं. मी त्यांना नको ते बोलले होते.”

ती उठून आत गेली. बराच वेळ आली नाही. मला वाटलं, मी निघावं अशी तिची इच्छा असेल, आणि मी पिशवी उचलली. तेवढ्यात ती साडी बदलून बाहेर आली. पायांत चपला होत्या.

“कुठे असतात त्या?” तिने विचारलं. “चला.”

बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली नाही. दोन बाकं सोडून पुढे खिडकीशी बसली. नगर येईपर्यंत तिने मागे वळून पाहिलं नाही. त्या घराच्या फाटकाशी आम्ही रिक्षातून उतरलो तेव्हा बाई ओट्यावर एकट्याच बसल्या होत्या. निर्मला भराभर चालत गेली आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. बाईंनी वर पाहिलं. ओळखायला त्यांना वेळ लागला. मग त्यांनी ओट्यावरची आपल्या शेजारची जागा हाताने झाडली आणि निर्मला तिथे बसली.

मी फाटकापाशी उभी होते. मला कुणी आत बोलावलं नाही, आणि मी गेलेही नाही.